मायक्रॉनसाहेबांची सायकल

सायकल घ्यायला माणसाला किती दिवस लागावेत? मला एक दुपार लागली होती. नाशिकच्या अंबडला कारखान्यात नोकरी लागली त्याच महिन्यात मी भद्रकालीत गेलो, दुकानदाराने पुढे केलेली काळी, डबल दांडीची सायकल एका हाताने उचलून पाहिली, जड लागली, म्हटलं जड आहे म्हणजे टिकेल, आणि तिच्यावर बसूनच घरी आलो. ती अजून आहे. आमच्या मायक्रॉनने मात्र रिटायर झाल्यावर सायकल निवडण्यात दोन वर्षं घालवली, आणि एवढं करून घेतली नाही ती नाहीच.

मायक्रॉन हे काही त्याचं नाव नव्हे. तोंडावर आम्ही त्याला साहेबच म्हणायचो. कारखान्यात तो तपासणीला होता आणि मी फिटर. मी केलेला जॉब, म्हणजे घडवलेला सुटा भाग, त्याच्या टेबलावर जायचा, तिथून पुढे जायचा किंवा माझ्याकडे परत यायचा. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. तो डोळ्याला दिसत नाही, पण याला दिसायचा, निदान याचं म्हणणं तसं होतं. जॉब हातात घ्यायचा, उजेडाकडे धरायचा, एक डोळा बारीक करायचा, आणि मोजायच्या आधीच जिभेने ‘च्’ असा आवाज काढायचा. त्या एका आवाजाने अख्ख्या शॉपचा दिवस खराब व्हायचा. मोजल्यावर दहातले नऊ जॉब पास निघायचे, पण पास करतानाही तोंड असं की कोणाच्या तरी मयताला आलाय. तीस वर्षांत ‘चांगलं झालंय’ हे शब्द त्याच्या तोंडून मी ऐकले नाहीत. फार तर ‘चालेल’ म्हणायचा, आणि लगेच पुढे, “पण चालणं वेगळं आणि बरोबर असणं वेगळं, फिटर.”

मी चौथी शिकलेला, तो डिप्लोमावाला. मी एकदा त्याला म्हटलं होतं की साहेब, आम्ही आधी करतो म्हणून तुम्हाला मोजायला मिळतं. त्यावर त्याने माझ्याकडेही तसंच पाहिलं होतं, उजेडाकडे धरल्यासारखं.

कारखान्यात असं वागायचा पगार मिळतो, ते एकवेळ ठीक. पण हा माणूस घरीही तपासणीलाच असायचा. आमच्या सिडकोतल्या कॉलनीत त्याचं घर माझ्यापासून दोन गल्ल्या सोडून. बायको नातवाला सांभाळायला म्हणून पुण्याला मुलाकडे गेली, नातू शाळेत जाऊ लागला तरी तिला परत यायची काही घाई दिसली नाही. आम्ही तिला कधी दोष दिला नाही. चौकातला न्हावी तर याला लांबून येताना पाहिला की खुर्चीवर टॉवेल टाकून आत जेवायला जायचा, मग सकाळचे नऊ का वाजले असेनात. कारण हा स्वतःची फूटपट्टी आणायचा आणि दोन्ही कल्ले सारखे आहेत का ते मोजायचा. शेवटी न्हावी वैतागून म्हणाला, “साहेब, कल्ले सारखेच आहेत, तुमचा एक कान खाली आहे.” दुसरा कोणी असता तर हसला असता किंवा भांडला असता. हा घरी गेला, आरशासमोर बसला आणि आठ दिवस कॉलनीतल्या ज्याच्या त्याच्या कानांकडे बघत फिरला. नंतर मला येऊन सांगितलं की न्हावी बरोबर बोलला, तीन मिलिमीटर आहे. हे सांगताना त्याचा चेहरा समाधानी होता. स्वतःलाच रिजेक्ट करायला मिळालं याचा आनंद झालेला माणूस मी आयुष्यात तेवढा एकच पाहिला.

तर सायकल. निरोपाच्या कार्यक्रमात नारळ-शाल घेतल्यावर त्याने भाषण केलं. आता आपण सायकल घेणार आणि सायकलवर बहिणीच्या गावी जाणार, असं जाहीर केलं. टाळ्या पडल्या. बहीण त्याच्यापेक्षा बारा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली तेव्हा हिनेच त्याला वाढवलं, आश्रमशाळेत घातलं, त्याच्या कपड्यांसाठी द्राक्षबागांत मजुरीला गेली. हे तो भाषणात बोलला, आणि बोलताना त्याचा आवाज जरा हलला, ते आम्ही सगळ्यांनी पाहिलं. गाव, म्हणजे त्याचंही जन्मगाव, गिरणाऱ्याच्या पुढे. घाट चढायचा, हरसूलच्या अलीकडे फाट्यावर वळायचं, तिथपर्यंत डांबर. फाट्यापासून आठ किलोमीटर माती, दगडगोटे, मध्ये एक ओढा. म्हणून सायकल अशी हवी की जी डांबरावर पळेल आणि मातीत रुतणार नाही. एवढीच त्याची मागणी. ऐकायला किती साधी वाटते.

एस.टी.ने का नाही, असं मी विचारलंच. तर एस.टी. फाट्यावर सोडते, पुढे आठ किलोमीटर चालायला डॉक्टरने गुडघ्यांसाठी मनाई केलीय. सायकल मात्र गुडघ्यांना चांगली, असं तोच डॉक्टर म्हणाला होता. मग फाट्यावरची जीप? तिच्यात माणसं बाहेर लोंबकळतात आणि टायर गुळगुळीत झालेत. हे त्याने फाट्यावर जाऊन पाहिलं होतं. म्हणजे फाट्यापर्यंत गेला होता हा, जीपचे टायर तपासले आणि परत आला. तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

कॉलेज रोडला सायकलींची मोठी दुकानं आहेत. काचेची, एसीची, आत सायकली भिंतीवर टांगलेल्या, पाडव्याला सोन्याच्या दुकानात हार टांगतात तशा. हा तिथे खिशात मापं घ्यायचं व्हर्निअर घालून जायचा आणि सोबत मला न्यायचा, कारण त्याच्यासोबत जायला दुसरं कोणी तयार नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मला मजा यायची. तीस वर्षं माझा माल तपासला, आता दुसऱ्याचा तपासताना बघायला काय जातंय.

टायरची रुंदी मोजायची. चाक गरगर फिरवून रिमला खडू लावायचा, जिथे खडू जास्त उमटला तिथे ‘च्’. गिअर एकेक करून सगळे टाकून बघायचे. सेल्समन बिचारा शिकलेला, तोंडाला गोड. त्याने सांगितलं की काका, रोडसाठी बारीक टायरवाली घ्या, लोण्यासारखी पळते. हा म्हणाला, मातीत? सेल्समन म्हणाला, मातीत नाही चालणार. बरं, मग ही जाड नक्षीच्या टायरची, पुढे स्प्रिंगचा शॉक आहे, दगडावरून खुशाल न्या. हा म्हणाला, डांबरावर? सेल्समन म्हणाला, डांबरावर जरा जड जाईल. शेवटी त्याने मधली काढली. टायर ना बारीक ना जाड, हॅन्डल सरळ, गिअर पुरेसे. काका, ही हायब्रीड, दोन्हीकडे चालते, तुमच्या वयाचे सगळे हीच नेतात.

मायक्रॉनने ती दहा मिनिटं पाहिली आणि म्हणाला, “मधली म्हणजे दोन्हीकडे नापास.”

त्याने एक वही केली होती. पानाच्या मधोमध उभी रेघ, डावीकडे डांबर, उजवीकडे माती. प्रत्येक सायकलला दोन्हीकडे शंभरपैकी मार्क. दोन्हीकडे नव्वद मिळाले तर घ्यायची. मी चौथी शिकलेला असलो तरी मला पहिल्या पानावरच कळलं की ही वही भरेल पण सायकल घरी येणार नाही. डांबराला जे चांगलं तेच मातीला वाईट, तर दोन्हीकडे नव्वद आणणार कुठून? मी तसं बोललो. तो म्हणाला, “मार्क कमी करणं हा उपाय नाही, फिटर.” मी म्हटलं सायकल विकत घ्यायचीय, लग्न जमवायचं नाहीये. पण ते त्याच्यापर्यंत पोचलं नाही.

मला त्या सायकलींचं एक कळत नाही, ते इथे सांगून टाकतो. एवढी महाग वस्तू, आणि तिला स्टँड नाही, मडगार्ड नाही, घंटी नाही, मागे कॅरिअर नाही. सगळं वेगळं घ्या म्हणतात. माझ्या काळीवर मी दोन मुलं, एक गॅसची टाकी आणि एकदा बायकोचं शिवणयंत्र आणलंय. या सायकलीवर माणूस फक्त स्वतःला नेऊ शकतो.

एका दुकानाने त्याला ट्रायलला सायकल दिली. बहुतेक नवीन माणूस होता. आम्ही पांडवलेणीच्या पायथ्याला गेलो, तिथे डांबर संपून कच्ची वाट लागते. मायक्रॉन डोक्यावर हेल्मेट आणि खिशात वही घेऊन कच्च्या वाटेवर चढला आणि वीस पावलांवर उतरला, नोंद केली, पुन्हा चढला, पुन्हा उतरला. तेवढ्यात सकाळच्या सायकलवाल्यांचा घोळका आला. घट्ट चड्ड्या, रंगीत चष्मे, डॉक्टर-बिल्डर मंडळी. त्यातला एक थांबला आणि टायरमध्ये हवा किती असावी यावर बोलू लागला. डांबरावर जास्त, मातीत कमी. मायक्रॉनला तर हेच पाहिजे होतं. त्याने विचारलं, डांबर संपतं आणि माती सुरू होते त्या ठिकाणी किती? दोघं भांडायला लागले. मी रस्त्यापलीकडे गेलो, मिसळ खाल्ली, वर जास्तीचा पाव मागवला, चहा घेतला, परत आलो, तरी ते त्या एका ठिकाणच्या हवेवरच होते.

असा पहिला उन्हाळा गेला, दुसरा आला. गाव तिथेच, बहीण तिथेच, आणि आमची दर शनिवारी दुकानाची वारी.

मग एके दिवशी दुपारी त्याची भाची आली. त्या बहिणीची मुलगी, पन्नाशीला आलेली, गावात अंगणवाडी चालवते. मामाच्या घराला कुलूप, कारण मामा त्या दिवशी एकटाच कॉलेज रोडला गेलेला. शेजाऱ्यांनी तिला माझ्याकडे पाठवलं. माझ्या बायकोने तिला पाणी दिलं, चहा दिला, आणि ती ओट्यावर बसून बोलू लागली.

तिच्या आईला काचबिंदू झाला होता. डॉक्टरने सांगितलं होतं की गेलेली नजर परत येत नाही, उरलेली टिकली तर टिकवायची. उरलेलीही कमी होत चालली होती. समोर माणूस आहे एवढं कळायचं, कोण आहे ते जवळ आल्यावर. आणि आईने निरोप दिला होता की नजर आहे तोवर भावाला एकदा बघू दे. पाऊस लागला की मातीची वाट बंद होते, चार महिने कोणी येत नाही की जात नाही. पुढल्या उन्हाळ्यापर्यंत नजर राहील असं डॉक्टर म्हणत नव्हते.

मी विचारलं, बाई, मग मामा तिकडे फिरकत का नाही? तेव्हा तिने सांगितलं.

अकरा वर्षांपूर्वी तिच्या आईने घर बांधलं. जन्मभर कुडाच्या घरात राहिलेली बाई, मजुरीतून साठवून साठवून दोन खोल्यांचं विटा-सिमेंटचं घर बांधलं. गृहप्रवेशाला अख्खा पाडा जेवायला. पंगत बसली, पानं वाढली आणि मायक्रॉन उठला. खिशातून दोरा काढला, त्याला नट बांधला, भिंतीला लावून ओळंबा सोडला आणि पंगतीसमोर जाहीर केलं की भिंत वरच्या अंगाला पाऊण इंच बाहेर आहे, मिस्त्रीने फसवलं. मिस्त्री पंगतीतच बसला होता. तो त्या भाचीचाच नवरा. त्याने सासूसाठी एक रुपया न घेता ती भिंत बांधली होती. तो पानावरून उठून गेला. बहिणीने भावाच्या पुढचं ताट उचललं आणि म्हणाली, “ज्याला भिंतच दिसते त्याने माणसांत येऊ नये.” झालं. तेव्हापासून ना ही बोलली, ना तो गेला.

भाची म्हणाली, माझ्या नवऱ्याने कधीच सोडून दिलं. आईनेही. मामाच येत नाही.

संध्याकाळी मायक्रॉन वही घेऊन आला. मी त्याला ओट्यावर बसवलं आणि निरोप जसाच्या तसा सांगितला. तो ऐकत राहिला. मग म्हणाला की पुढच्या महिन्यात एक नवीन मॉडेल येतंय, त्यात डांबराचे आणि मातीचे, असे चाकांचे दोन सेट मिळतात.

मला राग आला. मी म्हटलं, “साहेब, ताईची नजर तुमचं मॉडेल यायची वाट बघत थांबणारे का?”

तो म्हणाला, “तुम्हाला कळत नाही, फिटर. तिथे नीट जायला पाहिजे.”

“तुम्हाला जायचंच नाहीये. दोन वर्षं मी तुमच्या मागे दुकानं हिंडतोय. सायकलीत खोट नाही, तुम्ही घाबरलाय.”

असं मी कारखान्यात कधी बोललो नव्हतो. वाटलं आता हा उठून जाईल. तो गेला नाही. वही मिटून मांडीवर ठेवली. मग म्हणाला, “तिथे गेल्यावर पहिलं वाक्य काय बोलायचं, तेच मला अजून जमलेलं नाही.”

आता तीस वर्षं ज्याने मला छळलं त्याची मला दया यावी, हे मला मुळीच आवडलं नाही. मी उठलो आणि गच्चीवरून माझ्या मुलाची कॉलेजातली सायकल खाली आणली. ती पाच-सहा वर्षं तशीच पडली होती. धुतली, तेल दिलं, ट्यूब बदलल्या, ब्रेकचे रबर माझ्या हाताने घासून बसवले. दुसऱ्या दिवशी त्याला बोलावलं. तो तिच्याभोवती फिरला आणि चौदा दोष सांगितले. मी सगळे ऐकून घेतले, मग म्हटलं, चौदाच्या चौदा बरोबर आहेत, उद्या पहाटे निघायचं.

निघालो. तो मुलाच्या सायकलवर, मी माझ्या काळीवर. गिरणाऱ्यापर्यंत तो चाकाचा आवाज ऐकत होता, पुढे ऐकायला दम उरला नाही. घाटात दोघंही उतरून चाललो. दोन म्हातारे सायकली ढकलत चाललेले बघून जीपवाले थांबून विचारायचे, बाबा, टाकू का वर? मी नाही म्हणायचो. मायक्रॉन टायर बघून नाही म्हणायचा.

फाट्यावर पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. चहा घेतला. मी त्याला तिथे बसवून ताकीद दिली. म्हटलं, पहिलं वाक्य जमत नाही ना, मग बोलूच नका. ताईच्या दारात तोंड उघडायचं नाही. भिंत अंगावर आली तरी खोट काढायची नाही, ‘च्’ नाही, डोळा बारीक करणं नाही. बोलायचं ते मी बोलेन. त्याने मुकाट्याने मान डोलावली. मला बरं वाटलं. तीस वर्षांनी एकदाचा माझा शब्द वर राहिला.

डांबर संपलं आणि माती लागली, आणि इथे एक गोष्ट लिहायला मला जड जातंय, पण खरं आहे ते लिहितो. त्या वाटेवर तो माझ्यापेक्षा बरा चालवत होता. कोणत्या दगडाला डावीकडून जायचं, कुठे चाक सैल सोडायचं, ओढ्यात कुठून घालायची, सगळं त्याच्या अंगाला माहीत होतं. वही नाही, मार्क नाहीत. जन्मला तिथलीच वाट ती. ओढ्यात मी काळीसकट आडवा झालो आणि हा पलीकडे जाऊन उभा होता. हसला नाही, बोललाही नाही. ताकीद आतापासूनच पाळत होता.

घर आलं. बहीण पडवीत सुपात नागलीचे दाणे घेऊन बसली होती. पंचाहत्तरीच्या आसपासची, वाळकी, ताठ, नाकावर जाड चष्मा. चाकांचा आवाज ऐकून तिने मान वर केली.

“कोण हाय?”

मी म्हटलं, “ताई, नाशिकहून आलोय. तुमच्या भावाला घेऊन आलोय.”

“कुठंय?”

तो माझ्या शेजारीच, सायकल धरून उभा होता. चार हातांवर. ओठ घट्ट मिटलेले. तिने मान इकडेतिकडे करून त्याच्याकडे पाहिलं, आणि परत सुपात हात घातला.

“हा नाय तो,” ती म्हणाली. “तो आसा गप उभा ऱ्हायला नसता. दारात पाय ठेवायच्या आधी काहीतरी खोट काढली आसती.”

मी म्हटलं, अहो ताई, तोच आहे, मी शपथेवर सांगतो. ती म्हणाली, “भाऊ, तुमी दुसरा कोन आनला. मला दिसत नाय म्हनून मला फसवू नका. ऊन लय हाय, पानी प्या, मग जा.”

ती ताकीद माझी होती. मायक्रॉन माझ्याकडे बघत होता. तीस वर्षं कोणाला न विचारता अख्ख्या कारखान्याचा माल परत पाठवणारा माणूस, एक शब्द बोलू का म्हणून माझ्याकडे बघत होता, आणि त्याचे डोळे भरले होते.

मी मान हलवली.

त्याने सायकल तशीच जमिनीवर सोडून दिली. दोन पावलं पुढे गेला, वाकला, एक डोळा बारीक केला.

“ताई,” तो म्हणाला, “तुझ्या चष्म्याची डावी दांडी वाकलीय. काच खाली आलीय, म्हणून तुला नीट दिसत नाही.”

सुपातला तिचा हात थांबला.

“किती?” तिने विचारलं.

“चार मिलिमीटर. जास्तच असेल.”

तिने चष्मा काढला आणि हात पुढे केला. तो तिच्यासमोर मातीतच बसला, चष्मा उजेडाकडे धरला आणि दांडी सरळ करू लागला. जरा वाकवायचा, उजेडाकडे धरायचा, परत वाकवायचा. भाची चहा घेऊन आली, तिने कप त्याच्याजवळ ठेवला, तो गार झाला, तिने दुसरा आणला, तोही गार झाला. कोणाला घाई नव्हती. म्हातारी तशीच, बिनचष्म्याची, त्याच्याकडे तोंड करून बसली होती.